भिंतीवरची जांभळी पट्टी

१८ सप्टेंबर, नांदेड

रेझिनचा चौथा घाणा जमला एकदाचा. पहिले तीन थ्रीडी प्रिंटरमध्ये नीट कडकच होत नव्हते. दुधावरची चिवट साय निघावी तसं रेझिन ताटलीवरून निघायचं. आजच्या पट्ट्या सरळ, कोरड्या, मधे कंबर बारीक. प्रिंटरच्या उजेडामुळे निघतात जांभळ्याच, मग पांढऱ्या दिव्याखाली ठेवल्या की दुधी होतात. त्यातली एक ओढायच्या मशीनला लावली. तुटायच्या आधी कंबरेपाशी पुन्हा जांभळी झाली. डोळ्यांनी पाहिलं.

सरांना दाखवलं. ते माझे पीएचडीचे गाईड, त्यांचं समाधान अर्ध्यावरच थांबतं. छान, म्हणाले, ताण पडला की रंग बदलतो. पण उपयोग काय ते प्रबंधात लिहावं लागेल. ताण कुणाचा मोजणार?

माझाच मोजा की सर, असं अगदी ओठांवर आलं होतं.

संध्याकाळी आईचा फोन. तिसऱ्या मजल्याच्या विटा चढल्या म्हणे. खालच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून वर भेग गेलीय, हेही बोलता बोलता सांगितलं, सहज. आई सहज म्हणून सांगते ते कधीच सहज नसतं. जेवण गेलं नाही.

२३ सप्टें., लातूर

सकाळच्या एसटीने आले. घर कसलं, होस्टेलच आहे आता. पुढच्या दोन खोल्यांत अप्पा-आई, मागे खालच्या खोलीत सहा पोरी, वर दोन मजले भरून पोरी. सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या. क्लास हाकेच्या अंतरावर, म्हणून आमच्याकडे जागा मागायला पालक रांग लावतात. अप्पा नाही म्हणू शकत नाहीत. म्हणून तिसरा मजला.

भेग पाहिली. वर जाताना रुंद होत गेलीय. नख आत जातं.

अप्पा म्हणाले, नुसती प्लास्टरची भेग हाय, दरवर्षी दिवाळीला भरतोच की. तिथंच तर घोळ आहे. दरवर्षी दिवाळीच्या आधी रंगारी येतो, पुट्टी भरतो, रंग देतो. त्यामुळे ही भेग किती जुनी, वाढतेय की आहे तेवढीच, कुणाला माहीतच नाही. लक्ष्मीपूजनाला आमचं घर नवंकोरं असतं, लातुरातल्या प्रत्येक घरासारखं.

इंजिनिअर बोलवा म्हटलं. तर म्हणे बोलावला होता, त्यानं दारातूनच बघितलं, चहा घेतला आणि प्लास्टर आहे म्हणून सांगून गेला. झालं.

३० सप्टें., लातूर

आज किल्लारीच्या भूकंपाचा दिवस. अप्पा दुकान उघडत नाहीत. दिवसभर जेवत नाहीत, टीव्ही लावू देत नाहीत. त्यांची आई आणि धाकटा भाऊ गावाकडच्या घराच्या मातीच्या छताखाली, माळवदाखाली गेले. अप्पा आदल्या रात्री गणपती विसर्जनाला लातुरात राहिले होते म्हणून वाचले. हे आईने सांगितलेलं. अप्पांनी कधीच नाही.

त्यानंतर ही जागा घेऊन घर बांधलं. विटा-सिमेंटच्या चार भिंती, वर पत्रे. डोक्यावर वजन नको म्हणून मुद्दाम पत्रे. मी पत्र्याखालीच जन्मले. उन्हाळ्यात भाजून निघायचो पण अप्पा ऐकायचे नाहीत. मग क्लासेस आले, पोरी जागा मागत आल्या, पत्रे उतरले, स्लॅब पडला. मग त्यावर मजला. मग त्यावर आणखी एक. खाली भिंती त्याच, पत्रे पेलायला बांधलेल्या. एकही कॉलम नाही.

हे आज बोलून दाखवलं. आजच्या दिवशी बोलायला नको होतं, कळतं मला, पण तोंड आवरलं नाही. अप्पा म्हणाले, "तू भूकंप पाहिला न्हाईस पोरी. मी पाहिलाय. दगड-माती पडत असती. सिमेंट पडत न्हाई."

इथं सगळ्यांना हेच वाटतं. त्या दिवशी माणसं मारली ती दगड-मातीने. मग सिमेंट म्हणजे देवच. त्याच्यावर कितीही चढवा.

दुपारी भेगेवर आडव्या चार पट्ट्या चिकटवल्या. भिंत सरकली तर कंबर ताणली जाईल, जांभळी होईल. खालच्या खोलीतली पूजा, देवणीची, दुसऱ्यांदा परीक्षेला बसतेय, मान वाकडी करून बघत होती. ताई, ही काय पट्टी, मलमपट्टी का? म्हटलं, तापमापक समज. भिंतीला ताप आला तर कळेल. म्हणाली, मग आमच्या मेसच्या भाजीलाही एक लावा. लई आगाऊ आहे. रोज एक फोटो पाठव म्हणून सांगितलं.

एक गोष्ट मनाला खात होती. उन्हानेही ही पट्टी जांभळी होते. पण त्या खिडकीला जाड पडदा आहे, कायम ओढलेला. पोरींना समोरच्या मुलांच्या होस्टेलची कटकट. म्हणून निर्धास्त राहिले.

१३ ऑक्टो., नांदेड

नीट लिहिते.

सकाळी पूजाचा फोटो. चारही पट्ट्या जांभळ्या. ताई, ताप आला वाटतं.

मला पुढचं मागचं काही सुचलं नाही. तिलाच फोन लावला. म्हटलं सगळ्यांना घेऊन बाहेर पड, आत्ताच्या आत्ता, वह्या-बिह्या राहू देत. मग आईला. आई काही न विचारता बाहेर आली आणि गल्लीत ओरडली, बाहेर या. बस्स. लातुरात त्या दोन शब्दांचा एकच अर्थ आहे. अख्खी गल्ली रस्त्यावर. समोरच्या होस्टेलची मुलं टॉवेलवर. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या काकू तर मटकन खालीच बसल्या, त्यांना धरून उठवावं लागलं. पोरींची सराव परीक्षा होती, ती बुडाली.

मग पूजाच म्हणाली, ताई, पडदे धुवायला काढलेत म्हणून तर ऊन येत नसेल?

घटस्थापना परवावर. घरातला प्रत्येक कपडा, गोधडी, पडदा धुवून निघतो. माझ्याच घरात, माझ्या जन्मापासून. आणि मी चार वर्षं या रेझिनवर काम करतेय आणि मला आठवलं नाही.

१४ ऑक्टो., लातूर

आले. यावंच लागलं. पट्ट्या परत पांढऱ्याफेक. रात्रभर पोरींचा ट्यूबलाईट चालू असतो, त्या उजेडात रंग उतरतो. सगळ्यांना बसवून हे सांगितलं: ऊन लागलं की जांभळी, ट्यूबलाईट लागला की पांढरी, ताण पडला की पुन्हा जांभळी. माझं मलाच हसू येईल असं ते ऐकू येत होतं.

एका मुलीचे वडील येऊन तिला घेऊन गेले. भीती म्हणून नाही. इथं अभ्यासाचं वातावरण नाही म्हणाले. अप्पा दारापर्यंत त्यांची बॅग घेऊन गेले. आल्यावर माझ्याशी बोललेच नाहीत. गल्लीत मला आता भूकंपताई म्हणतात म्हणे. हात दाखवून अवलक्षण.

आणि तरी, देवा, भेग मला मागच्यापेक्षा रुंद वाटली. वाटली म्हणजे काय? वाटण्याला कोण विचारतं.

१९ ऑक्टो., नांदेड

सरांना सगळं सांगितलं. वाटलं, झापतील. झापलंच. पण मग खुर्ची ओढून शेजारी बसले. म्हणाले, मोकळी पट्टी कुठाय? तुलना कशाशी करणार? एवढं साधं. भीतीपोटी मी शास्त्रच विसरले होते.

आता असं. जोडी लावायची. एक पट्टी भेगेवर दोन्ही टोकांना चिकटवलेली, दुसरी शेजारीच, पण एकाच टोकाला. दोघींवर काळ्या पुठ्ठ्याचं झाकण. दोन्ही जांभळ्या झाल्या तर उजेडाचा खेळ. फक्त चिकटवलेली झाली तर भिंत. सर म्हणाले, रंग अंधारातही हळूहळू उतरतो, म्हणून रोज बघायला हवं.

रोज कोण बघणार? आईच.

२४ ऑक्टो., दसरा, लातूर

सोनं दिलं-घेतलं. अप्पांनी आपट्याचं पान हातावर ठेवलं तेव्हा पहिल्यांदा तोंडाकडे बघितलं. जोडीची गोष्ट सांगितली. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दिवाळीच्या पाडव्यापर्यंत लाव. जांभळी झाली तर काम मी स्वतः थांबवतो, पोरींना दुसरीकडं जागा बघून देतो. पांढरी राहिली तर पाडव्यानंतर स्लॅब. आणि मग माझ्या भिंतीला परत हात लावायचा न्हाई."

कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

रंगाऱ्याला त्या भिंतीला शिवायचं नाही म्हणून अप्पांनीच ताकीद दिली. शब्दाचे पक्के आहेत. म्हणूनच तर जास्त भीती वाटते.

जुन्या पट्ट्या काढून जोडी लावली, आईला दाखवलं. सकाळी देवपूजा झाली की झाकण उघडायचं, बघायचं, लगेच बंद. आई म्हणाली, एवढं तर मी डोळे मिटून करीन. म्हटलं, डोळे उघडे ठेवून कर.

२ नोव्हें., नांदेड

रोज सकाळी आईचा फोन. "दोन्ही पांढऱ्या." मग पाच मिनिटं बरं वाटतं. मग वाटतं, गोंद सुटला असेल. मग वाटतं, कंबर आणखी बारीक हवी होती. मशीनवर आणखी सहा पट्ट्या ओढल्या, सगळ्या जांभळ्या झाल्या. पट्टीत खोट नाही. मग खोट माझ्यातच?

खरं सांगायचं तर कधी कधी वाटतं, होऊ दे एकदाची जांभळी. आणि मग स्वतःचीच लाज वाटते. खाली माणसं झोपतात, आणि मला बरोबर ठरायचंय.

६ नोव्हें., नांदेड

पांढऱ्या. औशाकडे जमिनीतून गुरगुर झाली म्हणे, कुणीतरी मेसेज फिरवला. खरं-खोटं देव जाणे. आई म्हणते तिला काही जाणवलं नाही. सरांनी प्रकरण लिहायला घे म्हटलंय. एक ओळ झालेली नाही.

८ नोव्हें., नांदेड

पांढऱ्या. पोरी आज दिवाळीला गावी गेल्या. पूजाने जाताना फोन केला. ताई, खिडकीजवळची खाट माझीच ठेवा, परत आल्यावर भांडणं नकोत. ती खाट भेगेला लागूनच आहे. बरं म्हटलं.

आईकडून कळलं, तिसऱ्या मजल्याच्या भिंतींवर पाणी मारायला वर नवी टाकी चढवली. आज भरतायत. मोठी आहे का विचारलं. आई म्हणाली, लई मोठी.

९ नोव्हें., नांदेड

फोन नाही.

थोडा वेळ थांबले. मग मीच केला. अप्पांनी उचलला. आई न्हायला गेलीय म्हणाले. पट्ट्या? "पांढऱ्या हायत." आईचा फोन अप्पा कधीही उचलत नाहीत. त्यांना तो लावता येत नाही म्हणतात.

दुपारी परत केला. आई कामात आहे. संध्याकाळी केला. आई म्हणाली, हाव, बरं हाय सगळं, तू कधी येतीस? आवाज असा होता की मी बॅगच भरायला घेतली.

१० नोव्हें., धनत्रयोदशी, लातूर

घरात शिरले ती सरळ खालच्या खोलीत. पोरी नाहीत, गाद्या गुंडाळलेल्या. आणि ट्यूबलाईट चालू. भर दुपारी, रिकाम्या खोलीत. अप्पा पोरींना दिवा विसरला म्हणून रोज बोलतात. झाकण काढून खाटेवर ठेवलेलं. पट्ट्या दोन्ही पांढऱ्या.

मला कळलं. लगेच कळलं, आणि कळू नये असं वाटलं.

आई चकल्या तळत होती. मी काही विचारलं नाही, नुसती शेजारी बसले. तिने झारा खाली ठेवला. म्हणाली, काल सकाळी एक जांभळी होती. चिकटवलेली. दुसरी पांढरी. मी तुला फोन करणार होते, तर तुझे अप्पा म्हणाले, थांब, मी बघतो. ते आत गेले, लाईट लावली आणि खुर्ची घेऊन पट्टीसमोर बसले. दुपारपर्यंत बसले होते. दुकानातही गेले नाहीत.

मी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं ना, ट्यूबलाईट लागला की पांढरी.

इतका राग आला की रडू आलं. शब्दाचे पक्के म्हणे. मी त्यांच्यासमोर जाऊ शकले नाही. आईबरोबर सगळ्या चकल्या तळून काढल्या, अर्ध्या जळाल्या.

११ नोव्हें., लातूर

झाकण मीच लावून ठेवलं होतं काल, दिवा बंद करून. सकाळी अप्पांना हाताला धरून आत नेलं. लहानपणी ते मला न्यायचे तसं. उघडलं. चिकटवलेलीची कंबर फिकट जांभळी. शेजारची दुधासारखी.

म्हटलं, अप्पा, परवाही अशीच होती ना?

"हाव. जास्त होती."

मग का केलंत?

अप्पा पूजाच्या खाटेवर बसले, गुंडाळलेल्या गादीला टेकून. मग म्हणाले, "तुला फसवायला न्हाई केलं. मला बघवंना. पांढरी होस्तवर बसलो. झाली तशी जरा बरं वाटलं. आजारी माणसाचा ताप उतरल्यासारखं."

मी त्यांच्यावर ओरडायला आले होते. नाही ओरडले. त्यांच्याजवळ बसले. ते भिंतीकडे बघत होते आणि बोलत होते, मला नाही, असंच. शेवटचं गावाकडं गेलो तवा माझ्या आईला लातूरला चल म्हटलं होतं, तिला माळवद सोडवेना. ती म्हणायची, एवढी जाड भिंत कशी पडंल. मलाबी तसंच वाटायचं.

पहिल्यांदा त्यांच्या तोंडून त्यांच्या आईबद्दल ऐकलं. एकोणतीस वर्षांची झाले तेव्हा.

टाकी उपसायला लावली त्यांनीच. तेवढं केलं. स्लॅबचं आणि पोरींचं विचारलं तर म्हणाले, दिवाळी होऊ दे.

१४ नोव्हें., पाडवा, लातूर

आईने अप्पांना ओवाळलं. नवा शर्ट घातला होता, पण चेहरा असा की कुणी बघू नये. स्लॅबच्या सेंट्रिंगवाल्याचा फोन आला, उद्या परवा येऊ का म्हणून. अप्पांनी उचललाच नाही. वाजत राहिला.

कॉलेजातल्या स्ट्रक्चर शिकवणाऱ्या मॅडम ओळखीच्या आहेत. फोटो पाठवले. त्या म्हणाल्या, सोमवारी येऊन बघते, तोवर खालची खोली रिकामी ठेवा, वरच्या मुलींनाही नको. दारातून बघून सांगणाऱ्या नाहीत त्या. अप्पांना तसंच सांगितलं. हूं म्हणाले.

पोरी परवा यायच्या. पालकांना कळवायला हवं. मी कळवते म्हटलं तर म्हणाले, घर माझं हाय, मी कळवतो. दिवसभर कळवलं नाही.

आज अप्पांनी खाट अंगणात काढली. थंडी पडायला लागलीय. आईने काही न विचारता जाड गोधडी नेऊन दिली आणि मग थोड्या वेळाने स्वतःचीही सतरंजी बाहेर नेली. मला म्हणाली, तूही ये. कपाट, देव, टीव्ही सगळं आत, आणि आम्ही तिघं बाहेर. गल्लीतल्या लोकांनी बघितलं असणार. आज कुणी हसलं नाही.

१६ नोव्हें., लातूर

सकाळ. अंगणात बसून लिहितेय.

आत्ताच पूजाच्या वडिलांचा फोन आला माझ्यावर. देवणीच्या स्टँडवर उभे आहेत, गाडी लागलीय, खोली तीच ना, खिडकीजवळची, असं विचारायला. सोमवारी तिचा पेपर आहे, म्हणून आजच सोडतायत. मागे पूजाचा आवाज येत होता, चकल्या घेतल्या का ते आईला विचारत होती.

मी थांबा म्हणणार तेवढ्यात अप्पांनी हात पुढे केला. फोन दिला. म्हणाले, "पाटील, गाडीत बसला नसाल तर थांबा जरा. पोरीला आत्ता आणू नका."

मग ऐकत राहिले. तिकडून बरंच बोलणं चाललं होतं, पेपर, क्लास, एवढं वर्ष. अप्पांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. एवढा घाबरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"का म्हणून विचारतायत. काय सांगू?"

म्हटलं, भिंत हलतीय म्हणून सांगा. आहे ते.

त्यांनी फोन परत कानाला लावला. घराकडे पाठ करून, फाटकापाशी उभे आहेत. अजून काही बोललेले नाहीत. पलीकडून पाटील हॅलो हॅलो करतायत, मला इथवर ऐकू येतंय.